पूना ब्रिगेड, बसरा आणि कुट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९१४ च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून निघालेली १६ वी (पूना) ब्रिगेड दीड वर्षानंतर इराकमधल्या कुट-अल-अमारा गावात अख्खीच्या अख्खी कैद झाली. तिच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. तिच्या जोडीच्या दोन ब्रिगेड अहमदनगर आणि बेळगावच्या. तिघींचं नशीब एकाच दोरीला बांधलेलं होतं, त्यामुळे त्यांचाही उल्लेख येत राहील.

पूना ब्रिगेड म्हणजे सगळे पुण्याचेच सैनिक का?

नाही. शांततेच्या काळात ज्या छावणीत मुख्यालय, त्या छावणीचं नाव ब्रिगेडला, एवढाच त्याचा अर्थ. सहावी (पूना) डिव्हिजन तीन ब्रिगेडची होती: १६ वी पूना, १७ वी अहमदनगर, १८ वी बेळगाव. १६ व्या ब्रिगेडमध्ये चार पलटणी. दुसरी डॉर्सेट ही गोऱ्यांची, २० वी पंजाबी, १०४ वी वेलस्ली रायफल्स आणि ११७ वी मराठा. म्हणजे चारांत मराठ्यांची एकच. डिव्हिजनमध्ये मात्र तीन होत्या, कारण नगरच्या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि बेळगावच्या ब्रिगेडमध्ये ११० वी. कुटच्या वेढ्यापर्यंत २० व्या पंजाबीच्या जागी ६६ वी पंजाबी आलेली होती. ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर जनरल डेलामेन.

मराठा पलटणींत भरती कुठून होई?

कोकणातून आणि घाटावरून, मुख्यतः रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या पट्ट्यातून. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. आज ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. महारांची भरती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये सरकारला १११ वी महार पलटण उभारावी लागली आणि युद्ध सरताच, १९२१ मध्ये, ती मोडूनही टाकली. गरज असली की लढवय्ये, गरज सरली की नाहीत, असा तो हिशेब.

पूना हॉर्स याच डिव्हिजनमध्ये होती का?

नव्हती. ३४ वी पूना हॉर्स ही घोडदळाची पलटण, ती फ्रान्सला गेली. नावामुळे गोंधळ होतो, बाकी काही संबंध नाही.

हिंदुस्थानी फौज इराकमध्ये कशासाठी?

तेलासाठी आणि दबदब्यासाठी. शत-अल-अरब नदीच्या मुखाजवळ, इराणच्या बाजूला अबादानची रिफायनरी होती. १९१४ मध्येच ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला होता, कारण आरमार कोळशावरून तेलावर जात होतं. शिवाय तुर्क जर्मनीच्या बाजूने उतरले तर आखातातल्या शेखांवरचा वचक जाईल, ही धास्ती. म्हणून तुर्कस्तानशी युद्ध जाहीर होण्याआधीच डेलामेनची ब्रिगेड बहारीनजवळ जहाजांवर आणून ठेवली होती. शिपायांना कुठे जायचं हे सांगितलेलं नव्हतं. बहुतेकांची समजूत फ्रान्सला चाललोय अशीच असणार, कारण इतर जहाजं तिकडेच जात होती.

पहिली चकमक कुठे झाली?

५ नोव्हेंबर १९१४ ला ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिगेडचे सहाशेच्या आसपास लोक शत-अल-अरबच्या मुखावरच्या फाओला उतरले. ओडिन या छोट्या युद्धनौकेने किल्ल्यातल्या तोफा आधीच गप्प केल्या होत्या. मग अबादानच्या वरच्या अंगाला सनिया इथे तळ पडला. ११ तारखेच्या पहाटे तुर्कांनी त्यावर हल्ला केला. तो २० व्या पंजाबी आणि ११७ व्या मराठ्यांनी परतवला. १७ नोव्हेंबरला साहिलच्या लढाईत पावसाने जमिनीचं पार चिखलाचं रान केलं होतं; बूट रुततायत, समोर झाडाचा आडोसा नाही, अशा उघड्या माळावर पुढे सरकायचं. त्यानंतर आठवड्याच्या आत बसरा हातात आलं.

इथपर्यंत मोहीम ठरल्याप्रमाणे झाली होती. तेल सुरक्षित, बंदर ताब्यात. माझ्या मते हुकूम इथेच संपायला हवा होता.

शैबाची लढाई एवढी महत्त्वाची का मानतात?

कारण तिथे हरले असते तर बसरा गेलं असतं. १२ ते १४ एप्रिल १९१५. बसरा आणि शैबा यांच्यामध्ये पुराचं पाणी पसरलेलं, कुमक आणि दारूगोळा न्यायचा तर बेलम नावाच्या लांबट अरबी होड्यांतून. जनरल मेलिस हे त्या पाण्यातूनच शैबाला पोचले आणि १६ व्या व १८ व्या ब्रिगेडला घेऊन लढले. शेवटच्या दिवशी बर्जिसियाच्या झाडीसमोर तासन्‌तास गोळीबार चालला, दोन्ही बाजू थकल्या, आणि तुर्कच आधी हटले. मागून येणाऱ्या खेचरांच्या तांड्याची धूळ पाहून नवी फौज आली असं तुर्कांना वाटलं, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, त्यांचा सेनापती सुलेमान अस्करी याने पराभवानंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली, हे मात्र खरं. ब्रिटिश बाजूला बाराशेच्या वर माणूस मेला किंवा जखमी झाला.

होड्यांतून लढलेली लढाई ती कोणती?

ती मुख्यतः नगरच्या १७ व्या ब्रिगेडची, ३१ मे १९१५. कुर्ण्याच्या पुढे सगळा मुलूख पाण्याखाली, तुर्कांची ठाणी वाळूच्या उंचवट्यांवर बेटांसारखी. मग प्रत्येक होडीत दहाएक शिपाई बसवले आणि बांबूने ढकलत बोरूच्या दाटीतून हल्ला केला. काही होड्यांना पुढे लोखंडी पत्रे लावलेले. त्यात १०३ वी मराठाही होती. डिव्हिजनचे नवे जनरल चार्ल्स टाउनशेंड पाठलाग करत सुटले आणि ३ जूनला मूठभर माणसांनिशी त्यांनी अमारा शहर (कुट-अल-अमारा वेगळं) शरण आणलं. या सोप्या विजयाने वरच्यांची डोकी फिरली.

मग बगदादकडे कूच करायचं कुणी ठरवलं?

इराकमधले सरसेनापती जनरल निक्सन यांचा हट्ट, सिमल्याचं सरकार त्यांच्या मागे, आणि तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत तोंडघशी पडलेल्या लंडनला कुठूनतरी एक विजय हवा होता. टाउनशेंडनी शंका बोलून दाखवल्या, पण हुकूम मोडला नाही.

२८ सप्टेंबरला कुटच्या अलीकडे एस-सिन इथे डेलामेनने दोन ब्रिगेड घेऊन रात्रीतून दलदलीच्या बगलेने वळसा घातला. एक तुकडी अंधारात वाट चुकली. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, समोर तैग्रीस नदी दिसतेय आणि मध्ये तुर्कांचे खंदक. लढाई जिंकली, तरी तुर्क रात्रीत निसटले आणि बगदादच्या अलीकडे टेसिफोनला जाऊन बसले. तिथे प्राचीन इराणी राजांच्या वाड्याची प्रचंड कमान अजून उभी आहे. २२ नोव्हेंबरला त्या कमानीच्या सावलीत लढाई झाली. पहिली फळी फोडली, दुसरीवर अडले. साडेआठ हजारांच्या आसपास लढायला उतरले होते, त्यांतले साडेचार हजार मेले किंवा जखमी झाले. २५ तारखेला माघार सुरू झाली.

टेसिफोनच्या जखमींचं काय झालं?

या मोहिमेतला हा सर्वांत लाजिरवाणा भाग, म्हणून जरा विस्ताराने.

जखमींना रणांगणावरून नदीपर्यंत, दहा मैलांच्या आसपास, न्यायचं होतं. रुग्णवाहिका जवळपास नव्हत्याच. होत्या त्या दोन खेचरांच्या, स्प्रिंग नसलेल्या लोखंडी मालगाड्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस त्या गाडीत, खाचखळग्यांतून. काही जखमींनी गाडीतून खाली उतरून सरपटत जाणं पसंत केलं. नदीवर पोचल्यावर त्यांना बोटींवर आणि त्यांच्या बाजूला बांधलेल्या उघड्या पडावांवर खच्चून भरलं. वर छप्पर नाही, खाली अंथरूण नाही, शौचाला जागा नाही, पुरेसे डॉक्टर नाहीत. असे दिवसचे दिवस काढत ते बसऱ्याला लागले.

मेजिदिये नावाची बोट बसऱ्याला आली तेव्हा वरेला या इस्पितळ जहाजावर मेजर कार्टर उभे होते. बोटीच्या कडेने दोरखंड लोंबतायत असं त्यांना लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती हलता न येणाऱ्या माणसांची, कडेवरून ओघळून सुकलेली विष्ठा होती. कार्टरनी हे लेखी कळवलं तर वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली. पुढे चौकशी आयोगासमोर त्यांची साक्ष झाली आणि ती छापली गेल्यावर इंग्लंड हादरलं.

माघार घेताना कुटमध्येच का थांबले?

सैन्य थकलेलं होतं. ३ डिसेंबरला पोचले तेव्हा पुढे एक पाऊल टाकायची ताकद नव्हती. कुटमध्ये धान्याचा साठा होता, आणि नदीचा वळसा तीन बाजूंनी संरक्षण देत होता. टाउनशेंडनी पूर्वी चित्रळचा वेढा यशस्वीपणे झेलून नाव कमावलं होतं. दुसऱ्यांदाही जमेल असं त्यांना वाटलं असावं. पण तोच वळसा तुर्कांनी चौथ्या बाजूने बंद केला की बाटलीला बूच बसणार होतं. ७ डिसेंबरपर्यंत ते बसलं. आत साधारण दहा हजार लढाऊ, साडेतीन हजार भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, डोलीवाले, आणि वर गावातले सहा हजार अरब.

वेढ्यात कोणती ब्रिगेड कुठे होती?

वायव्येचे खंदक १६ व्या ब्रिगेडकडे आणि राखीव ३० व्या ब्रिगेडकडे आलटून पालटून. ईशान्येचा मातीचा किल्ला १७ वीकडे. २४ डिसेंबरला तुर्कांनी तोफांनी त्या किल्ल्याची भिंत पाडली आणि आत घुसले, तेव्हा १०३ वी मराठा, ११९ वी आणि ऑक्सफर्डची गोरी पलटण यांनी हातबाँब आणि संगिनींनी त्यांना बाहेर काढलं. नदीपलीकडे लोकर दाबण्याच्या कारखान्याभोवतीची वस्ती होती. तिथे ११० वी मराठा आणि १२० वी अशा दोनच पलटणी, मध्ये नदी, असा वेढ्यातला वेढा शेवटपर्यंत राहिला. नाताळच्या हल्ल्यानंतर तुर्कांनी मोठा हल्ला असा केला नाही. उपासमार त्यांचं काम करत होती.

मराठ्यांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, हे खरं का?

खरं आहे, आणि तो नकार फक्त मराठ्यांचा नव्हता. बहुतेक सगळ्याच हिंदुस्थानी पलटणींचा होता. इंग्रजी लिखाणात याला अंधश्रद्धा म्हणून हात झटकलेले दिसतात. शिपायांचं म्हणणं सरळ होतं: इथून जगून गावी गेलो तर वाळीत पडू, आमच्या मुलींची लग्नं होणार नाहीत. दोनशे जण राहत असलेल्या गावात परतायचं असलेल्या माणसाची ही धास्ती खोटी म्हणता येत नाही.

टाउनशेंडनी हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली. तारा आल्या, तरी लोक तयार होईनात. घोड्याचं मांस खाणाऱ्या गोऱ्यांना स्कर्व्ही झाली नाही. पांढरा मैदा खाऊन त्यांना बेरीबेरी, म्हणजे हातपाय लुळे करणारा आजार, झाली. हिंदुस्थान्यांचं उलट. जवाच्या पिठामुळे बेरीबेरी नाही, पण भाजी, दूध, मांस काहीच नसल्याने स्कर्व्ही होऊन हिरड्या सुजल्या, दात हलू लागले. शिपाई रानातली पालेभाजी खुडून उकडत. १७ व्या ब्रिगेडचे कमांडर हॉटन अशाच रानभाजीतून विषबाधा होऊन एप्रिलमध्ये वारले. एप्रिलात पिठाचा शिधा दिवसाला पाच औंसांवर आला, म्हणजे जेमतेम एक मोठी वाटी. तेव्हा कुठे, एप्रिलच्या मध्यापर्यंत, बहुतेकांनी मांस घ्यायला सुरुवात केली. फार उशीर झाला होता.

विमानातून अन्न टाकलं होतं ना?

हो. वेढ्यात अडकलेल्या फौजेला हवेतून रसद पोचवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. त्या वेळची विमानं किती वजन उचलणार! पोती नदीत पडत, कधी तुर्कांच्या खंदकात. मला सगळ्यांत लक्षात राहिलेली वस्तू म्हणजे जात्याची तळी. धान्य होतं पण दळायला साधन पुरेना, म्हणून दगडी तळी हवाई छत्रीला बांधून खाली सोडली.

सोडवायला कुणी आलं नाही का?

आले, आणि आत अडकलेल्यांपेक्षा जास्त माणसं गमावून बसले. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयत अशा लढायांत सुमारे तेवीस हजार मेले किंवा जखमी झाले. शिपाई चट्टा सिंग आणि लान्स नाईक लाला यांना व्हिक्टोरिया क्रॉस याच लढायांत मिळाले. जानेवारीत चिखलातून घाईघाईने हल्ले करावे लागले, कारण टाउनशेंड शिधा लवकर संपेल असं कळवत होते. नंतर घरोघर झडती घेतल्यावर धान्य सापडलं आणि अजून ८४ दिवस निघतील असा नवा हिशेब त्यांनी पाठवला. ती झडती डिसेंबरातच घेतली असती तर बाहेरच्या फौजेला जुळवाजुळवीला वेळ मिळाला असता. याबद्दल मला टाउनशेंडना माफ करवत नाही.

२४ एप्रिलला जुल्नार ही बोट २७० टन रसद घेऊन रात्री नदीतून घुसली. तुर्कांनी आडव्या बांधलेल्या तारेत अडकून ती पकडली गेली. मग टी. ई. लॉरेन्स (पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले) आणि ऑब्रे हर्बर्ट या अधिकाऱ्यांना वाटाघाटीला पाठवलं. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख पौंड देऊ केले. तुर्कांनी नाकारले आणि ही लाचेची गोष्ट जगभर सांगितली. २९ एप्रिल १९१६ ला कुट शरण आलं.

कैद्यांचं पुढे काय झालं?

शुमरानच्या तळावर आधी तुर्की लष्करी बिस्किटं मिळाली, दगडासारखी. पाच महिने उपाशी असलेल्या पोटांनी ती पचवली नाहीत आणि पहिल्याच आठवड्यात शेकडो मेले. मग बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनपर्यंत वाळवंटातून पायी. मागे पडला त्याला चाबूक, किंवा तो तिथेच. मेलिस आजारी पडल्याने मागून जात होते, त्यांना वाटेवर पडलेले जिवंत सांगाडे दिसत गेले. जमेल तेवढ्यांना त्यांनी उचलून नेलं आणि तुर्कांकडे जोरदार तक्रारी केल्या. वाचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं.

अडीच हजारांच्या वर गोऱ्या शिपायांपैकी जवळजवळ सत्तर टक्के परतले नाहीत. हिंदुस्थानी कैदी दहा हजारांच्या घरात; त्यांतले तीन हजारांच्या आसपास मेले किंवा त्यांचा माग लागला नाही. 'माग लागला नाही' याचा घरच्यांच्या दृष्टीने अर्थ असा की वर्षानुवर्षं ना पत्र, ना मृत्यूची खबर.

टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावरच्या बंगल्यात राहिले. कैदेत असतानाच त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्यांचा स्पॉट नावाचा कुत्रा तुर्कांनी बसऱ्याला सुखरूप पोचवला, तिथून तो इंग्लंडला गेला.

दोष कुणावर ठेवला गेला?

चौकशी आयोगाचा अहवाल १९१७ च्या उन्हाळ्यात आला. मुख्य ठपका निक्सन आणि हिंदुस्थान सरकारच्या काटकसरीवर. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. नदीतल्या बोटी अपुऱ्या आहेत हे १९१५ मध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, तरी फौज पुढे ढकलत राहिले. ही ब्रिगेड त्या बोटींच्या हिशेबात बुडाली. बसऱ्यापासून टेसिफोनपर्यंत ती एकाही लढाईत पळालेली नाही.

या पलटणी आज कोणत्या नावाने आहेत?

१९२२ च्या फेररचनेत मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या. आजची मराठा लाइट इन्फन्ट्री, केंद्र बेळगाव. १०३ वी म्हणजे आजची पहिली बटालियन, जंगी पलटण. ११० वी तिसरी बटालियन झाली आणि तिथून आजची २ पॅरा. ११७ वीला मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल 'रॉयल' किताब मिळाला आणि ती पाचवी झाली. १०४ वी राजपुताना रायफल्समध्ये गेली. २० वी पंजाबी फाळणीत पाकिस्तानकडे.

आमचे पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईत' होते असं घरात सांगतात. कसं शोधायचं?

घरातल्या पेटीपासून सुरुवात करा. चांदीच्या गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. १९१४-१५ च्या चांदणीच्या आकाराच्या पदकावर ती मागच्या बाजूला. तेच गोल पदक चांदीऐवजी काशाचं असेल तर माणूस बहुधा बिगरलढाऊ, म्हणजे खेचरवाला, डोलीवाला किंवा मजूर तुकडीतला. तळहाताएवढी काशाची तबकडी, तिच्यावर सिंहासोबत उभी बाई असेल, तर तो माणूस युद्धात मेला.

मग गावच्या चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत बघा. या गावातून महायुद्धाला किती गेले आणि किती मेले, असे आकडे कोरलेल्या पाट्या आपल्याकडे अजून बऱ्याच गावांत आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर नावापुढे 'मिलिटरी' लावतं. तिथले ४६ जण पहिल्या महायुद्धात मेले.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, पण स्पेलिंगचे चार-पाच प्रकार करून पाहा. शिंदे, सिंदे, शिंदा असं काहीही लिहिलेलं असतं. वडिलांचं आणि गावाचं नाव बहुधा जोडीला असतं, त्यावरून खात्री पटते. बसऱ्याच्या स्मारकावर प्रत्यक्ष नाव सापडेल ही अपेक्षा ठेवू नका. तिथे चाळीस हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदुस्थानी शिपायांची मात्र पलटणीपुढे फक्त संख्या. ते स्मारकही १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने बसऱ्याच्या गोदीतून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं आहे. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानातही पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, पण ते हिंदुस्थानात मेलेल्यांचं. इराकमध्ये मेलेल्याचं नाव तिथे शोधत बसू नका.